ग्रंथसंग्रहाचे वर्ष

ग्रंथांच्या जतनाविषयी जे मार्गदर्शन छापील स्वरूपात आपल्या हाती येते, ते बहुधा एक तर वातानुकूलित दालने असलेल्या मोठ्या संस्थांसाठी लिहिलेले असते, नाहीतर कोकणासारख्या दमट प्रदेशाचा अनुभव गृहीत धरून लिहिलेले असते. आणि म्हणून बालाघाटाच्या माथ्यावर आणि उतारांवर वसलेल्या, पर्जन्यछायेत मोडणाऱ्या, वैशाखात होरपळणाऱ्या आणि भाद्रपदात एकाएकी भिजून निघणाऱ्या धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला त्या सूचना जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. आपल्याकडे ग्रंथांना बारमाही ओलाव्याची पीडा नाही, हे खरे. आपल्याकडील पीडा दोन टोकांची आहे: एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की बांधणीतील सरस तडकतो, कातडी पाठ भेगाळते आणि जुन्या कागदाची कड बोट लागताच तुटते, आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत तीच हवा बाष्पाने जड होऊन त्याच कोरड्या कागदात शिरू लागते. कागद, पुठ्ठा, कापड आणि सरस हे चारही पदार्थ ओलाव्याने फुगतात आणि कोरडेपणाने आक्रसतात, परंतु चौघांचेही प्रमाण सारखे नसते. सबब दर वर्षीच्या या ओढाताणीत पुस्तकाची शिवण आणि सांधे हळूहळू निकामी होतात.

या परिस्थितीत संग्रह टिकवायचा असेल, तर तो कुलपात बंद करून ठेवण्याची जी स्वाभाविक प्रवृत्ती आपल्या मनात असते, ती प्रथम सोडली पाहिजे. संग्रहाचा नाश झाल्याच्या हकिगती बारकाईने ऐकल्या, तर असे ध्यानात येते की त्यांतील बहुतेक ग्रंथ कोणी निष्काळजीपणे फेकलेले नव्हते. ते वडिलांची आठवण म्हणून आदराने कपाटात ठेवलेले होते, आणि कित्येक वर्षे ते कपाट कोणी उघडलेच नव्हते. वाळवी, कसर आणि बुरशी या तिघींनाही अंधार, स्तब्ध हवा आणि निवांतपणा हवा असतो. वर्षातून ठरलेल्या वेळी प्रत्येक ग्रंथ हातात घेऊन पाहणे, यापरता मोठा बंदोबस्त अद्याप कोणाला सापडलेला नाही. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीच्या आधाराने वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या जिल्ह्यातील जुन्या घरांत काय काय असते, ते पाहू. कारण सर्व कागदांना एकच उपचार चालत नाही. पहिला थर पोथ्यांचा. जुन्या हस्तलिखितांचा कागद हातबनावटीचा आणि खळ देऊन घोटलेला असतो. मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद शतकानुशतके नावाजलेला होता. त्यावरील शाई काजळ आणि डिंक यांची. असा कागद दोन-तीनशे वर्षांनंतरही लवचीक असतो. मात्र त्या शाईला पाण्याचे वावडे असते, म्हणून पोथीवरील डाग ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दुसरा थर निजामी अमदानीचा: सनदा, इनामपत्रे, वतनाचे कागद, मोडीतील हिशेबाच्या वह्या, हैदराबाद संस्थानच्या कचेऱ्यांतील आधी फारसी आणि पुढे उर्दू दस्तऐवज, शिवाय 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतरित झालेली कायद्याची, इतिहासाची आणि शास्त्रांची उर्दू पुस्तके. तिसरा थर विसाव्या शतकातील मराठी छापील ग्रंथांचा आणि मासिकांच्या अंकांचा, आणि वाचकांना नवल वाटेल, पण सर्वांत अल्पायुषी थर हाच आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद, त्याला शाई फुटू नये म्हणून दिलेली राळ आणि तुरटी, यांमुळे कागदातच आम्ल तयार होत राहते आणि ते त्याला आतून जाळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, तेव्हाची पुस्तके तर आज पिवळ्या पापुद्र्यांच्या अवस्थेत आहेत. तेव्हा आजोबांची पोथी नाजूक आणि काकांची कादंबरी धडधाकट, अशी समजूत करून घेऊ नये. पुष्कळदा नेमके उलट असते.

ग्रंथ ठेवण्याच्या जागेचा विचार घराच्या बांधणीवरून करावा लागतो. ज्यांचे घर अद्याप जुन्या पद्धतीचे, जाड दगडी भिंतींचे आणि माळवदाचे आहे, त्यांना उन्हाळ्यात मोठाच लाभ मिळतो. कारण त्या भिंती आतील तपमान दिवसभर जवळजवळ स्थिर राखतात, आणि सिमेंटच्या स्लॅबखाली तापणाऱ्या खोलीपेक्षा माळवदाखालची खोली ग्रंथांना अधिक मानवते. परंतु पावसाळ्यात तेच माळवद गळू लागते, आणि त्या भिंतींच्या मातीत वाळवीला राजमार्ग मिळतो. म्हणून भिंतीतील कोनाडे आणि देवळ्या, कितीही सोयीच्या दिसल्या तरी, पुस्तकांसाठी वापरू नयेत. कपाट भिंतीपासून चार ते सहा इंच पुढे असावे, त्याचा तळ जमिनीपासून निदान सहा इंच उंच असावा, आणि ज्या भिंतीवर पावसाची झड येते त्या भिंतीला ते लागून नसावे. लोखंडी कपाट वाळवीपासून रक्षण करते, पण ते पूर्ण बंद असेल तर आत कोंडलेला ओलावा बाहेर पडत नाही. त्याच्या दारांना वर आणि खाली छिद्रे पाडून घेऊन मागून बारीक जाळी लावावी. लाकडी कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी रीत मुंग्यांना अडवते. वाळवी मात्र भिंतीवरून, छतावरून, कोठूनही येते, हे विसरू नये. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची सामाईक भिंत तर सर्वस्वी वर्ज्य समजावी. खिडकीतून येणारे ऊन पुस्तकाच्या पाठीवर पडत असेल, तर पडदा लावावा. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

फळीवर पुस्तके उभी ठेवावीत, एकमेकांना आधार देतील इतकी जवळ आणि बोट सहज शिरेल इतकी मोकळी. कोशांचे जाडजूड खंड आणि नकाशांची पुस्तके आडवी ठेवावीत. पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या कडेला बोट अडकवून ओढण्याची सवय जवळजवळ सर्वांना असते आणि तिनेच पाठी फाटतात. शेजारची दोन पुस्तके किंचित मागे सारून मधले पुस्तक दोन्ही बाजूंनी धरून काढावे. पोथी नेहमी आडवी, दोन फळ्यांच्या मध्ये, धुतलेल्या सुती बासनात ठेवावी. आपले पूर्वज पोथीच्या शेवटी वाचणाऱ्याला विनवीत असत, की तिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बंधनापासून राखावे. यांतील तिसरी सूचना विशेष मार्मिक आहे, कारण सैल बांधलेल्या पानांत हवा, धूळ आणि कीटक एकाच वाटेने शिरतात. गाठ घट्ट असावी, पण दोरी पानांच्या कडा कापणारी नसावी. दोरीऐवजी रुंद नाडी वापरणे उत्तम.

आता वर्षाच्या क्रमाकडे वळू. चैत्र आणि वैशाख हे आपल्याकडे धुळीचे महिने. काळ्या मातीची बारीक धूळ दुपारच्या वाऱ्याबरोबर प्रत्येक फटीतून आत येते आणि पानांच्या वरच्या कडेवर साचते. पावसाळ्यात हीच धूळ ओलावा धरून ठेवते आणि बुरशीला अन्न पुरवते. म्हणून मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, संपूर्ण संग्रह एकदा उतरवावा. पुस्तक घट्ट मिटून धरावे, मऊ कुंचल्याने धूळ पाठीकडून बाहेर झटकावी, फळी कोरड्या फडक्याने पुसावी आणि मगच पुस्तके परत लावावीत. पुस्तके अंगणात उन्हात घालण्याची रीत अनेक घरांत आहे; ती हेतूने चांगली आणि परिणामाने घातक आहे, कारण वैशाखाचे ऊन आधीच कोरड्या पडलेल्या कागदातील उरलेसुरले बळही हरण करते. सावलीत, वाहत्या हवेत, दोन-तीन तास ठेवणे पुरेसे असते. याच सुमारास माळवदावर नवी माती टाकण्याचे किंवा स्लॅबच्या भेगा बुजवण्याचे काम उरकून घ्यावे. छप्पर दुरुस्त करणे हाही ग्रंथरक्षणाचाच भाग आहे, आणि खर्चाचा क्रम लावायचा झाल्यास मी तो नव्या कपाटाच्या आधी लावीन.

पावसाळ्यात खबरदारी बदलते. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचे बीजाणू रुजू लागतात. आर्द्रतामापक आता फारसा महाग राहिलेला नाही. मोठा संग्रह असणाऱ्याने तो अवश्य घ्यावा. पाऊस चालू असताना खिडक्या मिटाव्यात, आणि उघडीप पडून ऊन आले की कपाट आणि खिडक्या दोन्ही उघडून पंखा लावावा. आपल्या जिल्ह्यात पावसाचे मोठे खंड पडतात, शेतकऱ्याच्या ते जिवावर बेततात. ग्रंथांना मात्र तेवढाच श्वास मिळतो. बुरशी दिसलीच, तर ते पुस्तक ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे, नाकावर फडके बांधून घराबाहेर न्यावे, ओली बुरशी कधीही पुसू नये, कारण ती पुसल्याने कागदात मुरते; सावलीत वाऱ्यावर ठेवून ती भुकटीसारखी कोरडी झाली म्हणजे मऊ कुंचल्याने झाडावी आणि कुंचला नंतर साबणाने धुवावा. दम्याचा विकार असलेल्याने हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे.

कीटकांच्या बाबतीत परंपरागत उपायांची आपल्याकडे मोठी मिरास आहे: कडुलिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाची पूड, लवंगा, कापूर. हे जिन्नस कीटकांना काही प्रमाणात दूर ठेवतात, आणि त्यांचा वापर चालू ठेवण्यास प्रत्यवाय नाही. परंतु दोन अटी सांभाळाव्यात. पाला किंवा पूड पानांच्या मध्ये घालू नये, कारण तिचे डाग कायमचे उमटतात. पातळ कापडाच्या पुरचुंड्या करून फळीच्या कोपऱ्यांत ठेवाव्यात आणि वास मंदावताच बदलाव्यात. आणि ज्या पुस्तकात कीड आधीच शिरली आहे, तिथे या पुरचुंड्यांचा काही उपयोग होत नाही, हे मनाशी पक्के करावे. डांबरगोळ्यांविषयीही हेच म्हणता येईल; शिवाय त्यांचा वास मुलांना आणि वृद्धांना बाधतो, म्हणून राहत्या खोलीत त्या नकोतच. कीड लागलेल्या पुस्तकासाठी आज सर्वांत निर्धोक उपाय शीतकरणाचा आहे. पुस्तक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड चिकटवून बंद करावे आणि उणे अठरा ते वीस अंश तपमान राखणाऱ्या खोल शीतपेटीत दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता एक दिवस तशीच ठेवावी, म्हणजे बाहेरची वाफ पिशवीच्या पृष्ठावर जमते, कागदावर जमत नाही. आइस्क्रीम विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराच्या पेटीतही हे काम होऊ शकते. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसू लागल्या, तर मात्र प्रश्न पुस्तकांचा राहत नाही, घराचा होतो. नळ्या झाडून समाधान मानू नये, जाणकाराकडून पायाशी वाळवीचा बंदोबस्त करून घ्यावा आणि फवारा पुस्तकांवर पडू देऊ नये.

तुळजापुरी नवरात्राचा उत्सव चालू असतो त्या दिवसांत पाऊस बहुधा ओसरू लागलेला असतो, आणि खंडेनवमी-दसऱ्याला घरोघरी शस्त्रे-अवजारांबरोबर ग्रंथांचे पूजन होते. दुसरी तपासणी त्याच दिवसांत करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. एरवी पूजेसाठी वरची चार पुस्तके पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले जाते. त्याऐवजी सगळीच फळी उतरवावी, प्रत्येक पुस्तकाची पाने झरझर चाळावीत, कसरीने पाडलेल्या नक्षीदार वाटा, सैल झालेले फर्मे, सुटलेली पाने पाहून त्यांची नोंद करावी आणि हळदकुंकू पाटालाच वाहावे. पावसाळ्यात झालेला अपाय याच वेळी प्रथम नजरेस येतो आणि अजून आवरता येण्याजोगा असतो.

दुरुस्तीच्या बाबतीत हाताला आवर घालणे हे कौशल्य आहे. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून तिचा गोंद अक्षरांत उतरतो आणि मग तज्ज्ञालाही तो निघता निघत नाही. फाटलेल्या पानाला मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि लांब तंतूचा पातळ कागद, एवढेच पुरे. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण तांब्याचा अंश कागदाच्या ऱ्हासाला गती देतो. वर्तमानपत्राचे वेष्टण घालू नये. त्याचे आम्ल पुठ्ठ्यात उतरते. आणि सनद, जुने प्रमाणपत्र किंवा पूर्वजांचे पत्र तापवलेल्या प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून आणण्याची जी लाट सर्वत्र पसरली आहे, तिच्याविषयी तर हात जोडून सांगावेसे वाटते, की असे करू नका: उष्णतेने कागद भाजतो, आम्ल आत कोंडले जाते आणि ते वेष्टण पुन्हा सुखरूप काढता येत नाही. तोच कागद आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट पेटीत ठेवला तर तुमच्या नातवंडांनाही तो जसाच्या तसा पाहता येईल.

बांधणीसाठी पुस्तक बाहेर द्यावयाचे झाल्यास कारागिराशी आधी स्पष्ट बोलावे. फर्म्यांच्या घडीतून दोऱ्याने शिवणारी जुजबंदी मागावी. कडेने आरपार टाके घातलेले जाड पुस्तक पुढे कधीही सपाट उघडत नाही, आणि वाचक ते बळाने उघडू गेला की ठिसूळ पाने टाक्यापाशीच तुटतात. कडा यंत्राखाली कापू देऊ नये, कारण समासात कोणाची टिपणे असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बांधणीत अक्षरे कापली जातात. मूळ मुखपृष्ठ आत बांधून घ्यावे. ज्याचा कागद दुमडताच तुटतो असे पुस्तक मुळीच बांधायला देऊ नये; त्याला मापाची पुठ्ठ्याची पेटी करून द्यावी आणि ते वाचनासाठी वापरण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढून घ्यावीत.

आपत्तीचा विचार या जिल्ह्यात कोणी दूरचा समजू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर आपल्याकडील सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीखाली गेली. माणसांच्या त्या संहारापुढे कागदांची गोष्ट काढणेही संकोचाचे वाटते, परंतु मागे राहिलेल्यांना पुढे आपल्या माणसांच्या खुणा हव्या होत्या, आणि कित्येकांच्या घरातील एकुलती एक वही त्या ढिगाऱ्यात गेली होती. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात: उंच कपाट वरच्या बाजूने भिंतीला पक्के जखडावे आणि ते झोपण्याच्या जागेजवळ ठेवू नये, आणि महत्त्वाच्या कागदांच्या प्रतिमा दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवाव्यात. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला, तेव्हा कोरडवाहू म्हणवणाऱ्या गावांतही घरांत पाणी शिरले. भिजलेल्या ग्रंथांना पहिले दोन दिवस निर्णायक असतात; त्यानंतर बुरशी धरते. चिखलाने माखलेले छापील पुस्तक मिटलेलेच धरून स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवावे, पोथी मात्र मुळीच धुऊ नये. पाणी निथळू द्यावे, मग पानांच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर टीपकागद किंवा कोरा शोषक कागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर, पुनःपुन्हा कागद बदलत वाळवावे. गुळगुळीत चित्रमय कागदाची पाने वाळताना कायमची चिकटतात, म्हणून त्यांच्यात प्रत्येक पानाआड कागद घालावा लागतो. पुस्तके फार असतील आणि हात थोडे, तर भिजलेली पुस्तके पिशव्यांत घालून गोठवावीत आणि सवडीने थोडी थोडी काढून वाळवावीत. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीचा पूर इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, तेव्हा जगभरच्या बांधणीकारांना चिखलात बुडालेल्या ग्रंथांशी अनेक वर्षे झगडावे लागले, आणि भिजलेल्या ग्रंथांच्या उपचाराचे आजचे शास्त्र बरेचसे त्या अनुभवातून वाढले आहे.

यादीवाचून संग्रह हा केवळ ढीग असतो. सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवतात तशी दाखल नोंदवही घरीही ठेवावी: अनुक्रमांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती, कोठून आला, सध्याची अवस्था, आणि शेवटी एक रकाना, कोणाला कधी वाचायला दिला, याचा. हा शेवटचा रकाना भरण्यात भिडस्तपणा आड येऊ देऊ नये. घरातील शिक्का मजकुरावर मारू नये, पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने क्रमांक लिहिणे पुरेसे आहे.

या यादीत ज्यांची लिपी घरात आज कोणाला येत नाही, अशा मोडी, फारसी आणि उर्दू कागदांना स्वतंत्र जागा द्यावी. वाचता येत नाही एवढ्याच कारणाने ते रद्दीत जातात, आणि या जिल्ह्याच्या जमिनी, वतने, देवस्थाने आणि शाळा यांच्या इतिहासाचा मोठा भाग त्या रद्दीबरोबर नाहीसा होतो. त्यांतील प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी, सावलीच्या उजेडात, छायाचित्र घ्यावे. घड्या एकदम उलगडू नयेत. आणि जाणकाराला मूळ कागद न देता आधी प्रतिमा दाखवावी. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे, संस्थानकालीन दप्तर हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे. आपला कागद कोणत्या कचेरीचा आहे, याची चौकशी तेथे करता येते.

राहिला प्रश्न आपल्या पश्चात काय, याचा. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत मिळणारी नाणी, मणी आणि मृण्मूर्ती एकट्याच्या हौसेने जमवल्या, आणि त्या आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात सर्वांना पाहता येतात. ग्रंथांच्या बाबतीत हे घडवणे त्याहून सोपे आहे, पण ते हयातीतच करावे लागते. जे ग्रंथालय तुमच्या मनात असेल, त्याच्या ग्रंथपालाला यादी दाखवून कोणते ग्रंथ त्यांच्याकडे नाहीत ते विचारावे, कारण दुसरी प्रत म्हणून घेतलेला ग्रंथ पुढे निर्लेखनात निघण्याचा संभव असतो. जे त्यांना हवे आहेत त्यांच्यावर खूण करावी, उरलेल्यांपैकी शाळेला काय, स्नेह्यांना काय, हे लिहून ठेवावे. त्या यादीची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून लावावी, दुसरी परगावी असलेल्या मुलाला किंवा मुलीला पाठवावी, आणि दर दसऱ्याला दोन्ही प्रती ताडून दुरुस्त कराव्यात.